कच्च्या पानाची शिस्त : मयूर विहारच्या गच्चीवरील बटरहेड लेट्यूस

लेट्यूस ही भाजी आता केवळ तारांकित हॉटेलांपुरती राहिलेली नाही. शहरांतील घरोघरी सॅलड, सँडविच आणि कोशिंबिरीतून तिचा वावर वाढला आहे. परंतु बाजारात प्रामुख्याने दिसतो तो आइसबर्ग हा प्रकार. त्याचा गड्डा कोबीसारखा घट्ट असतो, त्यामुळे तो वाहतूक व हाताळणी सोसतो. बटरहेड या प्रकाराचे तसे नाही. याची पाने पातळ, लुसलुशीत व लोण्यासारखी मऊ असतात, गड्डा सैल असतो आणि थोडासा दाब पडला तरी पान काळवंडते. शेतातून मंडईत व मंडईतून घरात येईपर्यंत त्याची रया जाते. म्हणूनच बटरहेडचे खरे स्थान परसबागेत आहे. ज्याला ते चांगले खायचे आहे, त्याने ते स्वतःच्या दारी पिकवावे हे उत्तम.

मात्र परसबागेत लेट्यूस लावताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. मेथी, पालक, चवळई या आपल्या पालेभाज्या आपण शिजवून खातो. लेट्यूस कच्चे खाल्ले जाते. मातीतून जे शोषले गेले, पाण्यातून जे आले आणि पानावर जे फवारले गेले, ते चुलीच्या आचेविना थेट ताटात पोहोचते. त्यामुळे या पिकात कीड आल्यावर काय करावे याहून कीड येऊच नये यासाठी काय करावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात पूर्व दिल्लीतील मयूर विहार या वसाहतीच्या संदर्भाने, एका कीटकशास्त्रज्ञाच्या दृष्टीतून, या प्रश्नाचा विचार केला आहे. शेवटी महाराष्ट्रातील वाचकांसाठी त्यातून काय घेता येईल तेही नमूद केले आहे.

माती व पाणी : नदीच्या शेजारचा विवेक

मयूर विहार यमुनेच्या पूर्व तीरालगत वसले आहे. वसाहत आणि नदी यांच्यामध्ये जी सखल पूरभूमी आहे, तिला दिल्लीत ‘खादर’ म्हणतात. या खादरात पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकत आला आहे. परंतु राष्ट्रीय हरित लवादाने १३ जानेवारी २०१५ रोजी दिलेल्या निर्णयात, यमुना प्रदूषणमुक्त होईपर्यंत या पूरभूमीवर खाद्यपिके व चारा घेण्यास मनाई केली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच ‘नीरी’ने, २०१९ मध्ये दिलेल्या अहवालातही पूर्व दिल्लीच्या पूरभूमीवरील अनेक भाज्यांमध्ये शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे नोंदवले. या प्रश्नाला खादरातील शेतकऱ्यांच्या उपजीविकेची दुसरी बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. गच्चीवर पालेभाजी लावणाऱ्यासाठी मात्र यातून निघणारा बोध सरळ आहे : कुंडीसाठी नदीकाठची माती आणू नये.

हा इशारा लेट्यूससाठी विशेष लागू पडतो. कॅडमियमसारखे जड धातू पानांत साठवण्याची प्रवृत्ती या पिकात इतर अनेक भाज्यांपेक्षा अधिक असते. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी दिल्लीत २०८.६६ मीटरपर्यंत, म्हणजे तोवरच्या नोंदींतील सर्वोच्च पातळीपर्यंत पोहोचली होती. असा पूर ओसरल्यावर मागे राहणारा मऊ गाळ दिसायला सुपीक असतो, पण शहराच्या खाली वाहणाऱ्या नदीने आपल्यासोबत काय आणले हे त्या गाळाकडे पाहून कळत नाही. तो कुंडीत भरण्याचा मोह टाळावा. रस्त्याकडेची मातीही त्याच कारणासाठी वर्ज्य मानावी.

कुंडीसाठी खात्रीच्या ठिकाणची पोयट्याची माती, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट हे समभाग घ्यावे व त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. ताजे शेण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकाला कधीही देऊ नये. पाणी पिण्यायोग्य दर्जाचे वापरावे. अमेरिकेत २०१८ च्या वसंतात रोमेन लेट्यूसमधून ई. कोलाय जिवाणूची मोठी साथ पसरली होती. त्यात २१० जण आजारी पडले व ५ जणांचा मृत्यू झाला. पुढे त्या साथीचा जिवाणू ॲरिझोनातील युमा परिसरातील सिंचन कालव्याच्या पाण्यात आढळला. अत्याधुनिक शेतीतही पाण्याकडे झालेले दुर्लक्ष केवढे महाग पडते, याचे हे उदाहरण आहे.

पेरणीची तारीख हीच पहिली पीक संरक्षक

लेट्यूस हे थंड हवेचे पीक आहे. बियांची उगवण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानाला उत्तम होते. तापमान २७-२८ अंशांच्या पुढे गेले की पुष्कळ वाणांचे बी सुप्तावस्थेत जाते आणि ओलावा असूनही उगवत नाही. बी निकृष्ट निघाले असा समज अनेकदा येथेच होतो. दिल्लीत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दिवसा चांगलेच ऊन असते. अशा वेळी बी ओलसर कापडात गुंडाळून दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे आणि मगच सावलीतील ट्रेमध्ये पेरावे.

या बियांचा आणखी एक विशेष आहे. अनेक वाणांच्या उगवणीला प्रकाश लागतो. वनस्पतींतील फायटोक्रोम या प्रकाशसंवेदी रंगद्रव्याचा शोध ज्या प्रयोगांतून लागला, त्यांतील १९५२ चा प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे लेट्यूसच्याच बियांवर झाला होता. तात्पर्य, बी खोल पेरू नये. माध्यमावर पसरून वरून कोकोपीटचा अगदी पातळ थर द्यावा व झारीने हलके पाणी द्यावे.

आता तारखेकडे वळू. उत्तर भारताच्या मैदानी भागात मावा या किडीचे एक ठरलेले वेळापत्रक आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिचे प्रमाण अल्प असते. जानेवारीत ते वाढू लागते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कळस गाठते. या वेळापत्रकाचा उपयोग आपल्या देशाने एकदा मोठ्या प्रमाणावर करून घेतला आहे. बटाट्याचे रोगमुक्त बियाणे केवळ थंड डोंगराळ प्रदेशातच तयार होऊ शकते, असा एके काळी समज होता. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेतील डॉ. पुष्करनाथ यांनी ‘सीड प्लॉट’ तंत्र विकसित करून तो बदलला. माव्याचे प्रमाण कमी असतानाच्या काळात पीक वाढवायचे आणि शंभर संयुक्त पानांवर वीस मावा ही पातळी येण्यापूर्वी झाडांचा पाला कापून टाकायचा, हे त्याचे सूत्र. मावा विषाणू घेऊन येण्याआधीच पीक आपले काम उरकून घेते. देशाच्या बटाटा उत्पादनाचा पाया मजबूत करण्यात या तंत्राचा वाटा मोठा आहे.

बटाट्यावर विषाणू पसरवणारा तो मावा म्हणजे मायझस पर्सिकी. हीच कीड लेट्यूसवरही येते. म्हणून तेच सूत्र गच्चीवरील कुंडीलाही लागू होते. मयूर विहारसारख्या ठिकाणी पहिली पेरणी ऑक्टोबरच्या मध्यास करावी, त्यानंतर दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे बी पेरावे आणि शेवटची पेरणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आटोपावी. सर्व गड्डे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काढून व्हावेत, हे उद्दिष्ट ठेवावे. फेब्रुवारीनंतर दिवस मोठा व उष्ण होऊ लागतो. कांद्याला डेंगळे यावेत तसा लेट्यूसच्या गड्ड्यातून फुलाचा दांडा वर येतो आणि पानांतील दुधी चीक कडू होतो. मावा वाढण्याचा आणि पान कडू होण्याचा काळ एकच असल्यामुळे उशिराच्या पेरणीतून दोन्ही अर्थांनी काही हाती लागत नाही.

रोप ते गड्डा

रोपे साधारण चार आठवड्यांची व चार-पाच पानांची झाली की पुनर्लागवड करावी. आठ ते दहा इंची कुंडीत एकच रोप लावावे. लांबट पेटीत दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. रोपाचा मधला कोंब मातीखाली दबणार नाही याची काळजी घ्यावी, अन्यथा तो सडतो. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या जुन्या सदनिकांच्या सज्जात चार-पाच तासांचे सकाळचे ऊन मिळते, तेवढे पुरेसे असते.

वाणांपैकी ‘बटरक्रंच’ हा नवशिक्यांसाठी विश्वासार्ह आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेल्या या वाणाला १९६३ मध्ये ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा पुरस्कार मिळाला. उष्णता तो इतर बटरहेड वाणांपेक्षा थोडी अधिक सोसतो. ‘बिब’ व ‘व्हाइट बोस्टन’ हेही जुने व परिचित वाण आहेत. बी नेहमी विश्वसनीय उत्पादकाचेच घ्यावे. लेट्यूस मोझॅक हा विषाणू बियांतूनच येतो आणि मावा तो झाडाझाडांत पसरवतो. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात यासाठी तीस हजार बियांत एकही बाधित बी नसावे असा कठोर निकष पाळला जातो. बाधित झाडावर सोंड टेकवलेला मावा काही सेकंदांतच हा विषाणू निरोगी झाडात सोडू शकतो. एवढ्या अल्प वेळात कोणतेही कीटकनाशक त्याला रोखू शकत नाही. त्यामुळे चट्ट्यापट्ट्यांचे, खुरटलेले रोप दिसताच ते उपटून टाकणे हाच उपाय उरतो.

खताच्या बाबतीत संयम हवा. पान हिरवेगार व्हावे म्हणून युरिया देण्याकडे अनेकांचा कल असतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुक्यामुळे ऊन कमी पडते. अशा मंद प्रकाशात अतिरिक्त नत्र पानांत नायट्रेटच्या रूपाने साठते. युरोपीय महासंघाने ताज्या लेट्यूसमधील नायट्रेटसाठी कमाल मर्यादा ठरवून दिल्या आहेत, त्यामागे हेच कारण आहे. शिवाय नत्र अधिक झालेल्या झाडाचा रस माव्याला अधिक पोषक ठरतो आणि त्याची वाढ वेगाने होते. कुजलेल्या खतावर पोसलेले, किंचित फिकट हिरवे झाड हे निरोगी झाड समजावे. पाणी सकाळी, बुंध्याशी व नियमित द्यावे. पाण्यात अनियमितता झाल्यास चुना पानांच्या टोकांपर्यंत पोहोचत नाही आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात.

माव्याचे अंकगणित

तारीख साधली तरी काही मावा येणारच. त्याची जीवनशैली समजून घेतल्यास त्याच्याशी गाठ घालणे सोपे जाते. हिवाळ्यात आपल्या गच्चीवर दिसणारा जवळजवळ प्रत्येक मावा मादी असतो. ही मादी नराशिवाय प्रजनन करते आणि अंडी न घालता जिवंत पिल्लांना जन्म देते. तिच्या उदरातील पिल्लाच्या उदरात पुढच्या पिढीचे भ्रूण आधीच आकार घेत असते. अनुकूल तापमानात नवजात पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः आई बनते व रोज तीन-चार पिल्ले देते. म्हणजे सोमवारी एका पानाखाली दिसलेले दोन मावा आणि पुढच्या पंधरवड्यात दिसणारी वसाहत यांत फरक केवळ निरीक्षणाच्या अभावाचा असतो.

बटरहेडमध्ये हा काळ अधिकच मोलाचा ठरतो, कारण याची आतली पाने मिटून गड्डा तयार होतो. गड्डा मिटण्यापूर्वी मावा पानाखाली सहज दिसतो व हाताने काढता येतो. गड्डा मिटल्यावर तो घड्यांत सुरक्षित राहतो. त्यानंतर केलेली फवारणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्याआधी केलेली फवारणी मिटणाऱ्या पानांत बंदिस्त होऊन राहते. दोन्ही बाजूंनी नुकसान खाणाऱ्याचेच. पुनर्लागवडीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, दहापट भिंगाने, प्रत्येक झाडाची पाने उलटून पाहावीत. हे दहा मिनिटांचे काम आहे आणि संपूर्ण कीड व्यवस्थापनाचा कणाही तेच आहे.

मावा दिसल्यास खालील क्रमाने उपाय करावेत. एखाद-दुसऱ्या पानावर असल्यास ते पान तोडून पिशवीत बंद करावे. थोडा पसरला असल्यास पान खालून हाताने आधार देऊन पाण्याच्या बारीक झोताने धुऊन काढावे. खाली पडलेले बहुतांश मावा परत चढू शकत नाहीत. हे सकाळी करावे म्हणजे पाने संध्याकाळपूर्वी वाळतात. त्यानंतरही गरज भासल्यास साध्या, सुगंधविरहित साबणाचे सौम्य द्रावण, एका लिटर पाण्यात पाच ग्रॅम याप्रमाणे, पानांच्या खालच्या बाजूस फवारून थोड्या वेळाने स्वच्छ पाण्याने धुवावे. निंबोळी अर्काचा वास व कडवटपणा पानावर राहतो, म्हणून त्याचा वापर रोपवाटिकेपुरताच ठेवावा. कुंड्यांभोवती मुंग्यांची रांग दिसल्यास ती माव्याची खूण समजावी. मुंग्या माव्याचा गोड स्राव घेतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. मुंग्या येत असलेली कुंडी पाण्याने भरलेल्या ताटलीत, विटेवर ठेवावी.

जाळी आणि मित्रकीटक

चाळीस मेशची कीटकरोधक जाळी वाकवलेल्या तारांवर ताणून रोपे झाकल्यास पंख असलेला मावा आत येऊ शकत नाही. परंतु जाळी ही दुधारी आहे, हे विसरू नये. चुकून आत शिरलेल्या एका माव्याला तेथे शत्रू उरत नाही व त्याची वसाहत अनिर्बंध वाढते. म्हणून जाळी रोपावस्थेत व पुनर्लागवडीनंतर पहिले दोन आठवडे वापरावी. आत मावा आढळल्यास ती काढून टाकावी आणि मित्रकीटकांना वाट द्यावी.

हे मित्र शहरातही येतात. सात ठिपक्यांचा ढालकिडा उत्तर भारतात मोहरीच्या हंगामात विपुल असतो. त्याची काळी-नारिंगी, सुसरीसारखी दिसणारी अळी शेकडो मावा फस्त करते. सिरफिड माशीची हिरवट, पाय नसलेली अळीही माव्यावरच जगते. दुर्दैवाने या दोन्ही अळ्या पाने खाणाऱ्या अळ्या समजून चिरडल्या जातात. पानावर सोनेरी-तपकिरी, फुगलेले, निश्चल मावा दिसल्यास त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीचे पिल्लू वाढत आहे असे समजावे आणि ते पान तसेच राहू द्यावे.

सिरफिड माशीची प्रौढावस्था फुलांतील मध व परागकणांवर जगते. सॅलिनास खोऱ्यातील सेंद्रिय लेट्यूस उत्पादक याच हेतूने पिकात एलिसमच्या ओळी लावतात. पांढऱ्या, बारीक फुलांचे हे एलिसम दिल्लीच्या रोपवाटिकांत हिवाळ्यात सहज मिळते. लेट्यूसच्या चार कुंड्यांमागे एलिसमची एक कुंडी ठेवावी. फुलावर आलेली कोथिंबीर व शेपूही हेच काम करतात. पिवळे चिकट सापळे गच्चीवर एखाद-दुसराच लावावा आणि तो केवळ माव्याच्या आगमनाची सूचना देण्यासाठी वापरावा. अधिक सापळे लावल्यास त्यांत मित्रकीटकही सापडतात.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. मावा ज्या थंडीत वाढू शकतो, त्या थंडीत ढालकिडा मंदावतो. त्यामुळे फेब्रुवारीच्या सुरुवातीस हवा उबदार होऊ लागते तेव्हा मावा पुढे असतो आणि मित्रकीटक मागे. हे अंतर भरून काढण्याचे काम लवकर केलेली पेरणीच करू शकते.

इतर उपद्रवांत नागअळीच्या पांढऱ्या वळणदार रेषा दिसल्यास ती पाने तोडावीत. पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेराची अंडी पानाखाली भुरकट केसाळ पुंजक्यात असतात. तो पुंजका तेवढा काढला तरी पुढचे नुकसान टळते. गोगलगायी रात्री टॉर्चच्या उजेडात वेचाव्यात. धुक्याच्या दिवसांत करड्या बुरशीचा धोका असतो, त्यामुळे जमिनीला टेकलेली पिवळी पाने काढून हवा खेळती ठेवावी.

काढणी

गड्डा हाताला भरीव पण मऊ लागला की सकाळी धारदार चाकूने बुडापासून कापावा. घरगुती गरजेसाठी बाहेरची पाने एकेक करूनही तोडता येतात. परंतु याच सवयीमुळे परसबागेत रासायनिक फवारणी अव्यवहार्य ठरते. प्रत्येक कीटकनाशकाला काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी असतो आणि ज्या झाडाचे पान दर दोन दिवसांनी ताटात जाते, तेथे तो पाळणे शक्यच नसते. ज्या औषधाच्या लेबलवर लेट्यूसचा उल्लेख नाही, ते या पिकावर वापरूच नये. काढलेली पाने सुटी करून वाहत्या स्वच्छ पाण्यात धुवावीत. दिल्लीच्या हिवाळी हवेतील धूळ पानांवर बसते, म्हणून येथे ही धुलाई अधिक काळजीपूर्वक करावी.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी

पुणे व नाशिक परिसरात हिवाळा दिल्लीइतका कडक नसतो, त्यामुळे पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू करून डिसेंबरच्या मध्यापूर्वी संपवावी. दुपारच्या उन्हात ५० टक्के सावलीची जाळी उपयुक्त ठरते. महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी हंगाम लांबवता येतो. कोकणात व विदर्भाच्या उष्ण भागांत गड्डा धरण्याची वाट न पाहता कोवळी पाने तोडणे हितावह आहे. प्रत्येक ठिकाणच्या तारखा वेगळ्या असल्या तरी तत्त्व एकच राहते : आपल्या भागात मावा केव्हा वाढतो ते नोंदवावे आणि पीक त्याआधी संपेल अशी पेरणी करावी.

विस्तार कार्यकर्त्यांना परसबागेतून येणारा नेहमीचा प्रश्न असतो : “मावा पडलाय, कोणतं औषध मारू?” लेट्यूसच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : पेरणी कोणत्या तारखेला केली, युरिया दिला का, आणि पाने उलटून शेवटचे केव्हा पाहिले. बहुतेक वेळा उपाय या तीन उत्तरांतच असतो. परसबागेच्या प्रशिक्षणात औषधांच्या तक्त्यासोबत पेरणीचे वेळापत्रक आणि एक साधे भिंग देण्याची प्रथा सुरू करावी. नवरात्र संपताच बी फ्रीजमध्ये ठेवण्याची वेळ होते, तेव्हा या हंगामाची तयारी तेथून करता येईल.